कांद्याचा फुलोरा

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली आगगाडी दुर्ग आणि भिलाई मागे टाकून रायपूरकडे धावू लागली, की रुळांचे एक विस्तीर्ण जाळे दृष्टीस पडते. मालगाड्यांची जुळवाजुळव करणारे हे भिलाईचे यार्ड. आणि त्याला लागून वसलेले गाव म्हणजे चरोदा. १९५५ साली भारत आणि सोव्हिएट रशिया यांच्यामध्ये पोलाद-कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भातशेतीच्या या शांत मुलखात देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे येऊन राहिली. मराठी माणूस तर येथे नवखा नव्हताच. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ सालच्या प्रांतरचनेपर्यंत दुर्ग व नागपूर हे जिल्हे एकाच राज्यात नांदत होते.

नोकरीच्या निमित्ताने अशा ठिकाणी आलेल्या कुटुंबाला क्वार्टरच्या मागे चार-सहा वाफ्यांपुरती मोकळी जागा मिळाली, म्हणजे तेथे काहीतरी लावल्यावाचून चैन पडत नाही. छत्तीसगढी बोलीत घरालगतच्या या जागेला ‘बारी’ म्हणतात. मराठीत ते आपले परस. प्रथम तुळस येते, मग कढीलिंब, मिरची, वांगी, आणि एखादा मोगरा. पुढे हौस वाढते, बागकामाची सचित्र पुस्तके हाती येतात, आणि त्यांतील एका चित्रापाशी नजर हमखास थबकते. कंबरेएवढ्या उंच, निष्पर्ण देठावर जांभळ्या फुलांचा एक अखंड गोल तोललेला आहे. जणू कोणी आतषबाजीतील बाण आकाशात फुटता फुटता थांबवून ठेवला आहे. खाली नाव असते ‘अ‍ॅलियम’. म्हणजे कोण? तर आपल्या कांद्याचा सख्खा भाऊ.

लिनिअसने १७५३ साली आपल्या ग्रंथात या कुळाला अ‍ॅलियम हे नाव दिले. आज त्यात नऊशेहून अधिक जाती मोजल्या जातात. कांदा आणि लसूण ही त्यांतील खाण्याची मंडळी. पण केवळ फुलांसाठी वाढविल्या जाणाऱ्या जातीही पुष्कळ आहेत. माणसाच्या छातीपर्यंत पोचणारा ‘अ‍ॅलियम जायगँटियम’, वीतभर व्यासाचे रुपेरी-जांभळे तारांगण मिरविणारा ‘अ‍ॅलियम क्रिस्टोफी’, आकाशी रंगाचा ‘सिरूलियम’, सोनेरी ‘मोली’, अशी त्यांची नावे. हॉलंडमधील बागवानांनी या शोभेच्या कांद्यांचा मोठा व्यापार उभा केला असून त्यांचे गड्डे दरसाल देशोदेशी रवाना होतात. भारतातही ते मागविता येतात. चरोद्याच्या बागवानाने हौसेने चार गड्डे मागविले, खतमाती घालून लावले, नेमाने पाणी दिले, तर काय होईल? पाती वर येतील. थोडे दिवस हिरवी राहतील. मग फाल्गुनातले ऊन तापू लागताच पिवळी पडून मान टाकतील. आणि फुलाचा पत्ताही लागणार नाही. पुढे पावसाळ्यानंतर जमीन उकरून पाहावे, तर गड्ड्याच्या जागी कुजका लगदा.

अशा वेळी माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. आपल्या हाताला यश नाही, असे म्हणून तो बागेकडे पाठ फिरवितो. वस्तुतः दोष हाताचा नसतो, तसा गड्ड्याचाही नसतो. शोभेच्या कांद्यांपैकी बहुतेक नामांकित जाती मध्य आशियाच्या डोंगराळ प्रदेशातील, इराण-तुर्कमेनिस्तानपासून पामीरपर्यंतच्या उतारांवरील रहिवासी आहेत. तेथे पाऊस आणि बर्फ पडते ते हिवाळ्यात व वसंताच्या आरंभी. उन्हाळा कोरडा ठणठणीत. गड्डा हिवाळ्यातील कडक थंडीत कित्येक आठवडे काढतो. त्या थंडीनेच त्याच्या पोटात फुलाचा कळा तयार होण्याची आणि देठ लांबण्याची प्रक्रिया नीट पार पडते. वसंतात तो फुलतो, आणि उन्हाळा लागला की कोरड्या मातीत स्वस्थ झोपी जातो.

चरोद्याचे ऋतुचक्र याच्या नेमके उलट आहे. पौष-माघात रात्री गारठा पडतो खरा, पण पारा साधारणतः दहा-बारा अंशांच्या आसपास रेंगाळतो, आणि दुपारी पुन्हा ऊन वर येते. डोंगरातल्या गड्ड्याला ही थंडी म्हणजे थंडीच नव्हे. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो. आणि ज्या दिवसांत गड्ड्याला कोरडी झोप हवी, नेमक्या त्याच आषाढ-श्रावणात आपल्याकडे धुवाधार पाऊस कोसळतो. थंडीच्या वेळी ऊब आणि झोपेच्या वेळी स्नान, असा हा पाहुणचार होय. तो पाहुण्याला मानवत नाही, यात नवल कसले?

या अडचणीवर एक उपाय सांगितला जातो. गड्डे आठ-दहा आठवडे रेफ्रिजरेटरमध्ये ठेवून त्यांना कृत्रिम हिवाळा दाखवावा व कार्तिकाच्या अखेरीस लावावे. त्या वेळी पिकणारी फळे त्यांच्याजवळ ठेवू नयेत. फळांतून निघणाऱ्या वायूने आतला कळा मरतो. लहान जातींना या उपायाने कधी कधी फूल येते. परंतु ते फूल एका हंगामाचे. पुढील वर्षी पुन्हा नवा गड्डा आणि पुन्हा नवा खर्च. श्रीनगरात २००७ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध ट्यूलिप-बागेला निदान काश्मीरच्या हिवाळ्याची साथ आहे. चरोद्याच्या वाफ्याला ती कोठून असणार?

तेव्हा हे गोल फूल आपल्या नशिबी नाहीच, असे समजावे काय? तसे समजण्याचे कारण नाही. ज्याच्या शोधात माणूस परदेशी याद्या चाळतो, ते फूल त्याच्याच स्वयंपाकघरातील टोपलीत निजलेले असते. साधा कांदा परसात लावून, त्याला न उपटता, वाढू द्यावा. माघ लागता लागता त्याच्या पातींतून पोकळ, मध्यभागी किंचित फुगीर असा हिरवा देठ वर चढतो. गुडघा ओलांडून तो कंबरेकडे निघतो. त्याच्या टोकाला पातळ पापुद्र्याची टोकदार टोपी असते. एके दिवशी ती टोपी फाटते, आणि आतून शेकडो इवल्या कळ्यांचा चेंडू बाहेर येतो. प्रत्येक कळी उमलली की सहा पाकळ्यांची चांदणी. प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक हिरवी रेघ. कांदा लाल असो की पांढरा, फूल हिरवट-पांढरेच. एका गोलात दोनशेपासून सहाशेपर्यंत फुले असतात आणि ती एकदम न उमलता क्रमाक्रमाने उमलत असल्याने दोन-तीन आठवडे हा चेंडू ताजा दिसतो.

कांदाही मूळचा त्याच डोंगरांतला. त्याचे सर्वांत जवळचे रानटी आप्त आजही इराण-तुर्कमेनिस्तानच्या पहाडांत आढळतात. मग भाऊ येथे मरतो आणि कांदा मात्र फुलतो, हे कसे? याचे उत्तर कोणत्याही बागेत नाही, ते शेतात आहे. हजारो वर्षे पिढ्यान्पिढ्या शेतकऱ्यांनी कांदा एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेला, जो जगला त्याचे बी धरले, जो रुसला त्याला सोडून दिले. अशा निवडीतून भारताच्या मैदानी प्रदेशात असे वाण तयार झाले, की जे हिवाळ्यातल्या अकरा-बारा तासांच्या लहान दिवसातही गड्डा धरतात आणि आपल्या सौम्य थंडीवरही फुलावर येतात. निफाडला तयार झालेला ‘एन-२-४-१’ किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे ‘भीमा’ नावाचे वाण हे या जुन्या परंपरेचेच आधुनिक वारस होत. हॉलंडच्या बागवानांनी जे फुलासाठी केले, ते आपल्या शेतकऱ्याने पोटासाठी केले. आणि फूल त्याला त्या कष्टांबरोबर आपसूक मिळाले.

मात्र शेतकऱ्याला विचारले, तर या फुलाविषयी तो दोन तोंडांनी बोलेल, आणि दोन्ही बोल खरे असतील. खाण्याच्या कांद्याच्या शेतात अवेळी देठ निघाले, म्हणजे त्याच्या पोटात गोळा उठतो. या देठांना नाशिककडे ‘डेंगळे’ म्हणतात. डेंगळा निघालेला कांदा मध्यभागी कठीण होतो, टिकत नाही, बाजारात त्याला भाव येत नाही. तोच डेंगळा बियाण्याच्या शेतात निघाला, म्हणजे शेतकऱ्याचा चेहरा उजळतो. कारण पुढच्या सालचे सारे पीक त्याच्या माथ्यावर असते. एकच फूल एका बांधाच्या अलीकडे नुकसान आणि पलीकडे आशा. मात्र परसातल्या माणसाला नफ्यातोट्याची ही चिंता नसते. ते फूल केवळ फूल म्हणून पाहण्याची मुभा त्यालाच आहे.

आणि तरीही तो ते पाहत नाही. कांद्याला आपल्या समाजाने फार हलक्या जागी बसविले आहे. धर्मशास्त्राने त्याला निषिद्धांच्या यादीत घातले. व्रतवैकल्यांत त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले. पण जिभेने त्याला कधी सोडले नाही. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून, कांद्याची भजी, थालिपीठे, भरली वांगी यांवर मनसोक्त ताव मारून, मग चातुर्मासापुरती त्याची रजा घ्यावयाची, ही मराठी घरांतली खास तडजोड आहे. छत्तीसगढात कांद्याला ‘गोंदली’ म्हणतात. रात्रभर पाण्यात ठेवलेला भात म्हणजे बासी, आणि तिच्याबरोबर दाताखाली कच्ची गोंदली, हे तेथील कष्टकऱ्याचे उन्हाळ्यातले अन्न. गोंदलीने ऊन बाधत नाही, असा तिकडचा विश्वास आहे. आणि उन्हात निघालेल्याच्या खिशात कांदा ठेवणाऱ्या आपल्या आजीचाही तोच होता. इतक्या जवळच्या वस्तूला फूल असते, हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

गंमत अशी, की चातुर्मासाचे हे वेळापत्रक कांदा फुलविण्याच्या कामी चपखल बसते. चैत्र-वैशाखात निघालेला उन्हाळी कांदा साठवणीला उत्तम. चातुर्मासात जो टोपलीत सडला नाही, ज्याने पावसाळी दमट हवा सोसली, तो कांदा अंगाने निकोप आहे, अशी त्याची परीक्षा आपोआप होते. कार्तिकी एकादशीला व्रत सुटले, की त्यांतलेच मध्यम आकाराचे, लिंबापेक्षा थोडे मोठे, घट्ट आणि एकसुरी कांदे निवडावेत. जोडकांदा टाळावा. शेंड्याकडचा सुमारे एक-तृतीयांश भाग आडवा कापून पाहण्याची बियाणे-उत्पादकांची रीत आहे. त्याने आत एकच डोळा आहे की अनेक, हे कळते आणि कोंबही लवकर फुटतो. काप सुकू द्यावा आणि मगच कांदा जमिनीत घालावा.

जमिनीचा प्रश्न चरोद्याला थोडा जपून सोडवावा लागतो. छत्तीसगढचा शेतकरी आपल्या मातीचे चार प्रकार ओळखतो: लाल, मुरमाड ती भाटा, पिवळसर, हलकी ती मटासी, मधली ती डोरसा, आणि काळी, चिकण ती कन्हार. भाट्यात पाणी ठरत नाही, म्हणून तिला कुजलेले शेणखत भरपूर हवे. कन्हारात पाणी साचते, म्हणून तेथे वीतभर उंच गादीवाफा केल्यावाचून कांदा लावू नये. मटासी किंवा डोरसा असेल, तर काम सोपे. दोन कांद्यांत वीतभरापेक्षा थोडे अधिक अंतर ठेवावे आणि मान तेवढी वर राहील इतपत ते पुरावेत. पाणी आठवड्यातून एकदा, जमीन पाहून. खताची घाई नको. अति खताने पाती माजतात आणि देठ दुबळे राहतात. कुंडीतही हे साधते. मात्र कुंडी निदान वीतभर खोल असावी व तिच्या तळाचे भोक मोकळे असावे.

एका कांद्यातून तीन-चार, क्वचित अधिकही देठ निघतात. ते आतून पोकळ असल्याने वाऱ्याच्या झोताने मोडतात. म्हणून बाजूला बांबूची काडी रोवून सैल दोरा बांधावा. पातींवर रुपेरी चट्टे दिसले तर फुलकिडे आले असे समजावे. जांभळट डाग दिसले तर करपा. रोगट पाने काढून टाकावीत, पाणी वरून न शिंपडता बुंध्याशी द्यावे. फुले उमलल्यावर मात्र कोणतेही विषारी औषध फवारू नये. कारण आता परसात दुसरे पाहुणे येऊ लागलेले असतात.

कांद्याच्या प्रत्येक फुलात परागकोश आधी फुटतात आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होते. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणारा कोणी मध्यस्थ लागतो. सातेरी माशी, इवलीशी फुलोरी माशी, कधी आग्या माशीही, हे काम करतात. त्या पांढऱ्या गोलाभोवती सकाळी जी गुणगुण चालते, ती ज्याने एकदा ऐकली, त्याला आपल्या टोपलीतील कांद्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येणार नाही. अनेकांना वासाची धास्ती वाटते. पण उभ्या फुलाला कांद्याचा दर्प येत नाही, उलट मधासारखा मंद गोडवा जाणवतो. कांद्याचा तिखटपणा त्याच्या पेशींत तयार स्थितीत नसतो. गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात आणि त्याला फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. सुरी फिरली, की दोघांची गाठ पडते आणि डोळ्यांना धारा लागतात. जोवर आपण त्याला दुखवीत नाही, तोवर कांदाही आपल्याला रडवीत नाही.

फाल्गुन सरेपर्यंत हा सोहळा आटोपतो. पण घराण्यातील इतर मंडळी पुढची पाळी सांभाळण्यास सज्ज असतात. कांद्याचे कुळ आज वनस्पतिशास्त्रात अ‍ॅमॅरिलिसच्या परिवारात गणले जाते, आणि त्याच परिवारातील ‘फुटबॉल लिली’ मे महिन्याच्या रखरखाटात, पान दिसण्यापूर्वीच, लाल केशरांचा गोल चेंडू जमिनीतून वर काढते. मूळची ती आफ्रिकेची. आपला उन्हाळा तिला परका वाटत नाही. पहिल्या सरींबरोबर पावसाळी लिली जागी होते. आणि खराखुरा अ‍ॅलियमच हवा असेल, तर लसणीच्या वासाच्या चपट्या पातीचा ‘अ‍ॅलियम ट्यूबरोसम’ आहे. मणिपुरी स्वयंपाकात त्याची पात ‘मरोई नाकुपी’ या नावाने मानाने वापरली जाते. त्याला कडक थंडीची अपेक्षा नाही. पावसाळ्याच्या सुमारास त्यावर पांढऱ्या चांदण्यांचे झुबके येतात, आणि पात चिरून आमटीत घातली तरी झाड रागावत नाही. याप्रमाणे फाल्गुन, ज्येष्ठ आणि श्रावण या तिन्ही महिन्यांत परसात गोल फुले पाहता येतात, आणि त्यांपैकी कोणालाही हिवाळा उसना आणून द्यावा लागत नाही.

बागकामात माणसाची इच्छा आणि हवामानाचा हुकूम यांत नेहमीच रस्सीखेच चालते. ज्याची इच्छा हट्टी, त्याची बाग दरसाल नव्याने विकत घ्यावी लागते. ज्याने हवामानाचे मन ओळखले, त्याची बाग स्वतःच पुढे चालत राहते. कांद्याच्या फुलाच्या बाबतीत हे चालत राहणे डोळ्यांनी पाहता येते. चैत्रात पांढरा गोल तपकिरी होतो, बोंडे तडकतात, आणि आत काजळासारखे काळे, कोनेदार बी दिसू लागते. अशा वेळी सकाळच्या गारव्यात देठासह गोल कापून सावलीत कागदावर वाळवावेत. काही गोल तसेच फुलदाणीत ठेवले, तर वर्षभर शोभा देतात. बी हाताने चोळून, पाखडून घ्यावे. मात्र परसात लाल आणि पांढरा असे दोन वाण शेजारी फुलले असतील, तर त्या बियाण्याचा भरवसा धरू नये. माश्या जातकुळी पाहत नाहीत.

हे बी येत्या कार्तिकात पेरावे. दीड-दोन महिन्यांनी रोपे लावावीत. चैत्र-वैशाखात कांदा निघेल. तो चातुर्मास काढील. पुढील कार्तिकात पुन्हा जमिनीत जाईल. आणि माघ-फाल्गुनात फुलेल. एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोन वर्षे लागतात. बदलीच्या नोकरीत दोन वर्षे ही काही थोडी मुदत नव्हे. हुकूम आला, की गुलाब आणि मोगरा जागच्या जागी सोडून जावे लागते; नंतर येणारा त्यांना पाणी घालील की नाही, कोण जाणे. कांद्याचे बी मात्र कागदाच्या पुडीत मावते आणि कपड्यांच्या ट्रंकेतून बिलासपूरला, नागपूरला, कोठेही बरोबर जाते. एवढेच लक्षात ठेवावयाचे, की हे बी फार काळ जगत नाही; वर्ष उलटले, की त्याची उगवण झपाट्याने घटते. म्हणून पुडीवर साल लिहून ठेवावे, आणि नव्या घरी गेल्यावर सामान लागण्याची वाट न पाहता, पहिल्याच कार्तिकात ते मातीत घालावे.